स्पॅममध्ये गेलेला मेल कायद्याने ‘मिळाला’ की नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात सर्व्हर, नेटवर्क, सीसीटीव्ही, वेळ पडली तर प्रिंटरची कार्ट्रिजसुद्धा तुम्हीच बघता. सव्वाशे मेलबॉक्स, स्वतःचा पोस्टफिक्स मेल सर्व्हर, त्यावर स्पॅमअसॅसिन, म्हणजे प्रत्येक मेलला संशयाचे गुण देऊन स्पॅम ओळखणारा फिल्टर. परदेशी ग्राहकाने टॉवेलचं माप बदलल्याचा मेल पाठवला आणि फिल्टरने तो क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित मेल बाजूला ठेवायच्या जागेत टाकला. दहा दिवसांनी सापडला, तोवर जुन्या मापाचा माल लूमवरून उतरला होता. मालक म्हणतात, ‘तुझ्या फिल्टरने घोटाळा केला, आता तूच निस्तर.’ तुम्ही विचारताय की कायद्याने जबाबदारी खरंच तुमची आहे का, आणि यापुढे फिल्टर लावायचा तरी कसा.

मी वकील नाही. पण बावीस वर्षं सोलापुरात सुताचे व्यापारी, युनिफॉर्म शिवणारे गारमेंटवाले, पतसंस्था आणि सीए मंडळींचे मेल सांभाळतोय, आणि त्या पायी वकिलांच्या ऑफिसात बराच चहा प्यायलोय. त्या अनुभवावरून आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. चांगला मेल चुकून स्पॅममध्ये गेला, एवढ्यावरून ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. मेल स्वीकारून कुणाला न सांगता गायब केला, तर मात्र कंपनी अडचणीत येते. आणि त्या गायब होण्यामागे तुमचा बिनलेखी, बिनपरवानगीचा नियम असेल, तर तुम्हीही येता.

आपल्याकडे ईमेल स्पॅमसाठी वेगळा कायदा नाही. अमेरिकेत २००३ पासून आहे, आपल्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये, त्रास देण्यासाठी किंवा मेल कुठून आला याबद्दल फसवण्यासाठी पाठवलेल्या ईमेलचा उल्लेख होता. पण २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते सगळं कलमच रद्द केलं. रद्द झालं ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर, आणि योग्यच झालं, पण त्याबरोबर स्पॅमवरचं होतं नव्हतं ते कलमही गेलं. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८ चे नियम एसएमएस आणि फोन कॉलपुरते आहेत, ईमेलला लागू नाहीत. त्यामुळे ‘कायद्याने स्पॅम अडवायलाच हवा’ असं नाही आणि ‘अडवू नये’ असंही नाही. तुमची जबाबदारी ठरते ती दुसऱ्याच कलमांमधून.

त्यातलं पहिलं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचंच कलम १३ (पुढे कायद्याचं नाव न घेता कलम म्हटलं, की ते याच कायद्याचं). आयटीवाल्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक नोंद कधी ‘पाठवली’ आणि कधी ‘मिळाली’ हे ते ठरवतं. दोन्ही बाजूंचं आपसात काही वेगळं ठरलं नसेल, तर मेल तुमच्या संगणक व्यवस्थेत शिरला त्या क्षणी तो तुम्हाला मिळाला. वाचला की नाही, इनबॉक्समध्ये गेला की जंकमध्ये, याचा त्यात उल्लेखच नाही. मिळाल्याचं ठिकाण म्हणजे तुमच्या धंद्याचं ठिकाण. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असला तरी मेल मिळाला तो सोलापुरात.

आता हे कलम हातात घेऊन तुमच्या सर्व्हरकडे बघा. समोरचा सर्व्हर मेल देतो, तुमचा सर्व्हर उत्तर देतो. २५० म्हणजे घेतला. ५५० म्हणजे घेत नाही, परत घेऊन जा. ४५० म्हणजे आत्ता नको, थोड्या वेळाने ये. कारखान्याच्या गेटवर टपाल आलं, वॉचमनने आवक रजिस्टरला नोंद करून सही दिली आणि पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून विसरला, तर पत्र कारखान्याला मिळालंच नाही असं म्हणता येईल का? २५० ही ती सही आहे. त्यानंतर तुमचं क्वारंटाइन, जंक फोल्डर, सगळे ड्रॉवर कारखान्याच्या भिंतीच्या आतले. याउलट ५५० दिला तर पाकीट गेटवरूनच परत गेलं. पाठवणाऱ्याला त्याच्या सर्व्हरकडून ‘पोचलं नाही’ असा मेल जातो आणि तो फोन उचलतो. तुमच्या ग्राहकाला ५५० गेला असता, तर त्याने त्याच दिवशी व्हॉट्सॲप केला असता.

ईमेलच्या तांत्रिक मानकाचंही हेच म्हणणं आहे. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३२१ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजानुसार एकदा मेल स्वीकारला की तो पोचवणं किंवा न पोचल्याचं कळवणं ही स्वीकारणाऱ्या सर्व्हरची जबाबदारी. गुपचूप टाकून देणं फक्त तेव्हा, जेव्हा मेल उघडउघड फसवणुकीचा असल्याची जवळजवळ खात्री असते. आरएफसी म्हणजे कायदा नव्हे. पण ‘या धंद्यातली सर्वमान्य रीत काय’ असं कुणी विचारलं, तर दाखवायला तेवढाच कागद आहे.

इथे एक खाचखळगा आहे. पुष्कळ जुन्या सर्व्हरवर तपासणी रांगेनंतर होते, म्हणजे आधी २५० देऊन मेल आत घ्यायचा, मग तो स्पॅम आहे का बघायचं. अशा मांडणीत नंतर ‘नाकारलं’ असं कळवायला गेलात, तर ते उत्तर खोट्या पत्त्यावर, कुणा भलत्याच्याच मेलबॉक्समध्ये जाऊन पडतं. आठवड्याभरात तुमचाच आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत. म्हणून मिल्टर (मेल येतानाच तपासणारा जोड-प्रोग्रॅम) लावून तपासणी २५० च्या आधी, संवाद चालू असतानाच करा. गुण फार जास्त असतील तर तिथल्या तिथे ५५०. मधल्या गुणांचे मेल आत घ्या, क्वारंटाइनमध्ये ठेवा, पण ज्याचा मेल त्याला रोज सकाळी यादी गेलीच पाहिजे. पाठवणारा, विषय, वेळ एवढं पुरे. यादीचा मजकूर मराठीत ठेवा. डिस्पॅचमधला माणूस इंग्रजी यादी न उघडता डिलीट करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. एका सूत व्यापाऱ्याकडे मी एका काळ्या यादीला एकटीलाच पाच गुण देऊन ठेवले होते. स्पॅमअसॅसिनची मूळ मर्यादाच पाच, म्हणजे त्या यादीत नाव आलं की मेल थेट क्वारंटाइनमध्ये. वर पंधरा दिवसांनी क्वारंटाइन आपोआप रिकामं. जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू, निम्मं ऑफिस होम मैदानावर, आणि जीएसटीची नोटीस मेलने आली. ज्या सर्व्हरमार्गे आली, त्याचा आयपी नेमका त्या आठवड्यात यादीत. नोटीस क्वारंटाइनमध्ये पडली आणि पंधरा दिवसांनी पुसली गेली. उत्तर गेलं नाही म्हणून एकतर्फी आदेश झाला, त्याचा मेलही त्याच वाटेने गेला. अकाउंटंटने दुसऱ्याच कामासाठी पोर्टल उघडलं म्हणून कळलं, तेव्हा अपिलाच्या तीन महिन्यांतले मोजके दिवस उरले होते.

मालक म्हणाले, ‘नोटीस मिळालीच नाही असं लिहून देऊ.’ त्यांच्या वकिलांनी मला लॉग, म्हणजे सर्व्हर आपोआप ठेवतो ती नोंदवही, काढायला सांगितला. लॉगमध्ये तारीख, वेळ आणि २५०. सीजीएसटी कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याच्या ज्या रीती दिल्यात, त्यात नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवणं ही एक आहे. वकिलांनी लॉगची घडी घातली आणि म्हणाले, ‘हा कागद आपण आपल्या विरोधात घेऊन जायचा का?’ अपील मुदतीत दाखल झालं, ते वेगळ्या मुद्द्यांवर. त्या महिन्याचं बिल मी पाठवलं नाही.

म्हणून सांगतो: जीएसटी, आयकर, पीएफ, बँक आणि कोर्ट यांच्यासाठी एक वेगळा पत्ता ठेवा. त्यावर काळ्या यादीवरून अडवणं बंद ठेवा आणि तो दोन माणसं रोज बघतील असं करा. सरकारी डोमेन नुसत्या नावावरून ‘विश्वासू’ यादीत टाकू नका, ते नाव कुणीही वर लिहू शकतो. एसपीएफ किंवा डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनकडून आला का ही तपासणी, त्या डोमेनच्या नावाने खरी उतरली, तरच सवलत.

आता तुमच्या मालकांचं म्हणणं. ग्राहकाचा करार कंपनीशी आहे, तुमच्याशी नाही. मेल कंपनीच्या व्यवस्थेत शिरला, म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने कंपनीला मिळाला. कंपनीने तुमच्या कामाबद्दल तुम्हाला जाब विचारावा, तो नोकरीतला विषय आहे. तिथे प्रश्न येईल तो हा, की क्वारंटाइन रोज बघायचं काम कुणाकडे दिलं होतं आणि ते कुठे लिहिलंय. बहुतेक ठिकाणी कुठेच लिहिलेलं नसतं. ‘स्पॅम फार येतोय, काहीतरी कर’ एवढाच आदेश तोंडी मिळालेला असतो.

याच कारणाने कलम ४३ कडे बघा. मालकाच्या किंवा त्या व्यवस्थेच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय संगणकातली माहिती पुसली किंवा बदलली तर भरपाई द्यावी लागते. तेच काम अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. तुमचा हेतू वाईट नव्हता, त्यामुळे ६६ ची भीती बाळगू नका. पण परवानगी कागदावर असायला हवी. एक पान पुरे: कंपनी स्पॅम, व्हायरस आणि फसवे मेल अडवते, कोणते नाकारते, कोणते किती दिवस राखून ठेवते, कोण बघू शकतं, चुकून अडकलेला मेल सोडवायला कुणाला सांगायचं. खाली मालकांची सही आणि शिक्का. प्रत्येक कर्मचाऱ्याचीही सही, कामावर घेतानाच.

आणि ग्राहकासोबतच्या पुढच्या करारात एक ओळ घाला. कलम १२ प्रमाणे, ‘पोच मिळाल्यावरच हा मेल बंधनकारक’ अशी अट पाठवणाऱ्याने घातली असेल, तर पोच मिळेपर्यंत मेल पाठवलाच नाही असं धरलं जातं. ऑर्डरमधला बदल आमच्या मेलने पोच दिल्यावरच लागू, असं करारातच लिहून घ्या. करार परदेशी कायद्याखाली असेल तर कलम १२ मदतीला येणार नाही, पण करारातली ओळ येईल.

तुम्ही विचारलेलं नाही, पण तुम्हाला जास्त अडचणीत आणू शकेल ते वेगळंच आहे. क्वारंटाइनची किल्ली तुमच्याकडे आहे, म्हणजे लोकांचे मेल तुम्हाला दिसतात. एका कारखान्यात मॅनेजरसाहेब माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘युनियनचं नाव ज्या मेलमध्ये येईल, तो स्पॅममध्ये टाका आणि मला एक कॉपी येऊ द्या.’ मी म्हटलं, लेखी द्या. ते उठून गेले, पुन्हा विषय काढला नाही. हे स्पॅम फिल्टरिंग नाही, पाळत आहे. करारान्वये सेवा देताना हाती आलेली कुणाची खासगी माहिती, त्याचं नुकसान होईल हे माहीत असताना संमतीशिवाय दुसऱ्याला दिली, तर कलम ७२-अ लागतं आणि त्यातही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तिथे आधी अडकतो तो कॉपी वळवणारा हात. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरलाय. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने मालकाला नोकरीच्या कारणासाठी आणि धंद्याचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती हाताळायची मुभा दिली आहे, पण ती त्याच कामापुरती. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यापुढच्या १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत.

मेल सोडवताना मी स्वतः फक्त पाठवणारा, विषय आणि गुण बघतो. मजकूर उघडायची वेळ आली तर ज्याचा मेल त्याला शेजारी बसवतो.

मालकांच्या भावाची फर्म किंवा कंपनीचे सीए यांचेही मेल तुमच्या सर्व्हरवर असतील, तर त्यांच्यापुरते तुम्ही ‘मध्यस्थ’, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर पोचवणारे, होता. मध्यस्थाला कलम ७९ चं कवच आहे, पण जाणाऱ्या मजकुराची निवड किंवा बदल त्याने करायचा नाही ही त्यातली अट. मग स्पॅम अडवणं म्हणजे निवड करणं नाही का? २०२१ च्या नियमांनी वाट ठेवली आहे: व्हायरस असलेला किंवा उगमाबद्दल फसवणारा मजकूर, असे ठरलेले प्रकार स्वतःहून काढले तर कवच जात नाही. साध्या जाहिरातीचा मेल त्या प्रकारांत सरळ बसत नाही. तिथे तुम्हाला वाचवते ती त्या फर्मची लेखी संमती. जर्मनीत एका विद्यापीठाने माजी कर्मचाऱ्याचे मेल असेच फिल्टरला लावून अडवले. जानेवारी २००५ मध्ये कार्ल्सरूच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने सांगितलं, की परवानगीशिवाय असं अडवणं हा टपालाच्या गोपनीयतेचा भंग म्हणून गुन्हा ठरू शकतो. अमेरिकेत उलट. तिथे ई-३६० नावाच्या मार्केटिंग कंपनीने स्पॅमहाऊस या काळ्या यादीवाल्यांवर खटला भरला. २००६ मध्ये एकतर्फी निकालात १ कोटी १७ लाख डॉलर मिळाले, आणि अपिलं होत होत २०११ मध्ये ती रक्कम तीन डॉलरवर आली. आपल्याकडच्या तीनशे रुपयांतसुद्धा बसते.

आता लॉग. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतात राखायचे आणि सर्व्हरचं घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेलं ठेवायचं. ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या. लघुउद्योगांना मुदतवाढ होती, ती २५ सप्टेंबर २०२२ ला संपली. रोज अडवलेला प्रत्येक फसवा मेल कुणी कळवत बसत नाही. पण तुमच्याच कुणाचा पासवर्ड फुटून तुमच्या सर्व्हरवरून हजारो मेल सुटले, किंवा मिळत्याजुळत्या डोमेनवरून ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल येऊन पैसे गेले, तर ते ६ तास मोजायला लागा. पैसे गेले असतील तर त्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. नव्या डेटा नियमांत लॉग वर्षभर ठेवायचे आहेत, तेव्हा आत्ताच वर्षाची सोय करून टाका, डिस्क काही महाग नाही.

लॉग कोर्टात दाखवायची वेळ आली तर प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं ६५-ब, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. ते सक्तीचं असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आपल्या जालन्याच्याच खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात ठासून सांगितलंय. आता त्यात हॅश (फाइलचा ठसा, फाइल बदलली की बदलतो) लिहावा लागतो आणि तज्ज्ञाची वेगळी सही लागते. जुन्या कायद्याखाली अशा प्रमाणपत्रावर मी एकदा सही केली होती. समोरच्या वकिलांनी एकच विचारलं, ‘या फाइलला मधल्या काळात कुणी हात लावला नाही कशावरून?’ लॉगची प्रत दुसऱ्या मशीनवर जात होती म्हणून उत्तर देता आलं. आणि वाद सुरू झाल्यावर लॉग किंवा मेल पुसायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. पुराव्याला लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, मालकांनी सांगितलं म्हणून केलं तरी.

तुमच्या सर्व्हरवर लॉगरोटेटची, म्हणजे जुने लॉग आपोआप पुसणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंग कधी बदललेली नसेल, तर ती बहुधा आठवड्याला एक अशा चार फाइलींची असेल, म्हणजे महिन्याभरापूर्वीचं काही उरत नाही. त्या मेलला किती दिवस झाले ते मोजा. आज घरी जायच्या आधी त्या दिवसाची लॉग फाइल, क्वारंटाइनमधला मूळ मेल हेडरसकट आणि त्या दिवशीचे फिल्टरचे नियम, या तिन्हींची प्रत पेनड्राइव्हवर काढा. हॅश काढून कागदावर लिहा आणि पाकिटात घालून मालकांच्या हातात द्या. एक प्रत मिळाल्याची त्यांची सही घ्या. त्या पाकिटाबरोबरच वर सांगितलेलं एक पानी धोरण कोऱ्या सहीच्या जागेसकट पुढे करा. चिडलेला मालक शिक्का मारायला टाळाटाळ करत नाही, शांत झाल्यावर करतो.